पिंपळपानाचं टोक

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही – नवऱ्याला तर नाहीच, कारण यात त्याची बहीण आहे.

पालमला माझ्या घरी कागद कापायची मशीन आहे. मोबाइलवरून नक्षी पाठवली की ती कापून देते. बारसं असो, लग्न असो, बुद्धजयंती असो, सजावटीला लोक माझ्याकडंच यायचे. माझं बघून जिंतूरच्या माझ्या नणंदेनं, सुजातानं, तशीच मशीन घेतली. मला राग आला का? तेव्हा तरी तसं वाटलं नव्हतं.

पण तिच्याकडं पिंपळपान नीट निघेना. पानाचं ते लांब, निमुळतं टोक – दर वेळी फाटायचं. जयंती जवळ आली तशी मशीन मांडीवर घेऊन ती एसटीनं आली. "वैनी, तुमचं टोक एवढं साफ कसं येतंय? माझंच का फाटायलंय?"

बघते म्हणाले. ती आत सासूबाईंशी बोलत बसली आणि मी पात्याची नळी उघडली. आत कागदाचा कपटा अडकलेला. पातंही जरा जास्तच बाहेर – मग कागद कापला जात नाही, ओढला जातो. माझा अंदाज खरा आहे का, एवढंच मला बघायचं होतं. खरंच, एवढंच. कपटा काढला, पातं आत घेतलं, कागद चिकट मॅटवर दाबून बसवला. पान निघालं. टोक केसासारखं बारीक – माझ्या मशीनपेक्षाही साफ.

आणि मग मी पातं पुन्हा बाहेर काढलं. कपटा शोधून परत आत कोंबला. पान चुरगाळून ब्लाउजमध्ये लपवलं. ती बाहेर आल्यावर म्हणाले, "सुजाता, तुझी मशीनच खराब निघाली गं."

तिनं मान हलवली. मशीन पुन्हा पिशवीत भरली.

तेव्हा माझ्या मनात नेमकं काय होतं? भीती? हेवा? कितीदा उकरून पाहिलं – पुतळ्यासारखी शांत बसलेली मीच दिसते, हात तेवढे चाललेले.

ती मशीन अजून तिच्या पलंगाखाली आहे. यंदाही विहारासाठीची पानं तिनं माझ्याकडूनच नेली. निघताना शेजारणीला सांगत होती, "आमच्या वैनीचा हात लय साफ हाय."

मी ऐकून घेतलं.