दुनिया गल्लीतली सोयरीक

मनकर्णाबाईला जगात परका माणूस असा कधी भेटलाच नाही. भेटायचा, पण दोन-चार वाक्यांपुरता. "कोन्या गावचा गा तू?" हा पहिला प्रश्न, "कोनाचा?" हा दुसरा, आणि तिसऱ्याच्या आत तो कुणाचा तरी मावसभाऊ नाहीतर कुणाच्या तरी नणदेचा दीर निघून मनकर्णाबाईच्या खाटेवर पाणी पीत बसलेला असायचा. सिंदेवाहीच्या बाजारातला कासार तिचा भाऊ होता, जंगलखात्याचा नाकेदार जावई होता. एकदा कोंबडी चोरताना सापडलेला एक इसम मार बसण्याआधीच दूरचा भाचा ठरला आणि जेवून गेला. भाजीही त्याच कोंबडीची होती, असं गावात अजून सांगतात.

नातं लावायची रीत तशी सगळ्या झाडीपट्टीतच आहे. ते कळल्याशिवाय समोरच्याशी वागायचं तरी कसं? भाटवा, म्हणजे बहिणीचा नवरा, निघाला तर त्याची टर उडवायची, भासरा, म्हणजे थोरला दीर, निघाला तर डोक्यावर पदर घेऊन बाजूला व्हायचं. पण बाकीच्या बाया लग्नाकार्यात नाती लावतात. मनकर्णाबाई विहिरीवर, बैलबंडीत, दवाखान्याच्या ओळीत, जिथे माणूस दिसेल तिथे लावायची. तिचा नवरा अहेरीकडचा. तो ऐन तरुणपणी गेला, तशी ती भावाकडे, गुणवंतरावांकडे परत आली. पुढे भावजयही गेली आणि चंदा आणि नथ्थू ही दोन लेकरं तिच्या पदरात पडली. ती तिने वाढवली. आता चंदा सोळाची झाली होती, नथ्थूला मिशी फुटायच्या बेतात होती, आणि ज्या आत्याच्या अंगाखांद्यावर खेळले तिची दोघांनाही भयंकर लाज वाटायला लागली होती. त्या वयात लाज वाटायला काहीही पुरतं. इथे तर अख्खी मनकर्णाबाई होती.

१९५८ सालच्या उन्हाळ्यात गोष्ट गळ्याशी आली. मृग लागला की चंदा मास्तरीण व्हायला नागपूरच्या वसतिगृहात जाणार होती. गुणवंतरावांना तेव्हा धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे, त्यांना हलता येणार नव्हतं. मग सोडायला जायचं कोणी? शाळेचे गुरुजी तयार होते. मनकर्णाबाई तर गेल्या दिवाळीपासूनच तयार होती. गुणवंतरावांनी शहाण्या माणसासारखा निकाल चंदावर सोपवला आणि स्वतः धानाच्या बांधीवर निघून गेले.

"आत्या, तू आली त तू गाडीतच अर्ध्या नागपूरले मामा करशीन," चंदा म्हणाली. "पोरी हासतीन मले."

"नाई करत वो."

"नाई कशी? काल कल्हईवाल्याले भाऊ केलं तू."

"तो भाऊच हाये!"

शेवटी चंदाने बोली घातली. चांद्याला महाकालीच्या जत्रेत मोठं प्रदर्शन आलं होतं. तिथे दोघांना आत्यानेच न्यायचं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणालाही नातं लावायचं नाही. जमलं तर नागपूरला आत्या. नाही जमलं तर गुरुजी. मनकर्णाबाईने देवासमोर हात जोडून कबूल केलं. जिला उराशी धरून किती ताप काढले, तिला परक्या दारात दुसऱ्याने सोडायचं? आणि पोटात आणखी एक भीती होती. लाज घेऊन गेलेली पोर उद्या आपली म्हणून परत येईल की नाही, ही. ती तिने कोणाला सांगितली नाही.

छोट्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली. समोर बसलेली म्हातारी नाकावरून सरळसरळ सावली गावाकडची दिसत होती. मनकर्णाबाईने बाहेरचे सागवान पाहिले, पळस पाहिले, शेवटी डोळे मिटून घेतले. चांदा फोर्टला उतरेपर्यंत तिला घाम फुटला होता. नथ्थू बहिणीच्या कानात म्हणाला, "बिमार पडते वाट्टे आत्या."

प्रदर्शनात उंच पाळणा होता, मोटारसायकलवाला विहिरीच्या भिंतीवर गरगरत होता, पण सगळी गर्दी लोटली होती दुनिया गल्लीकडे. बाबुलाल नावाच्या शेठने कुठूनशी आणलेली ही करामत. एका लांब गल्लीत दोन्हीकडे देश बसवले होते. भिंती आपल्याच बुरडांनी विणलेल्या तट्ट्यांच्या, पण वर असा काही रंग दिला होता की बघणाऱ्याने आ वासावा. प्रत्येक देशात त्या त्या देशाची माणसं, त्यांची भांडी, त्यांची गाणी. भोंग्यातून बाबुलालचा आवाज: "एक गली में सारी दुनिया!"

पहिलं जपान. कागदी कंदील, लाकडी पूल, त्याखाली परातीत दोन मासे. पांढऱ्याफेक तोंडाची जपानीण बाई छत्री घेऊन उभी होती. तिने कमरेत वाकून नमस्कार केला. चंदा हरखली. शाळेच्या पुस्तकात असंच चित्र होतं. तिनेही तस्संच वाकून दाखवलं, नथ्थूनेही दाखवलं. मनकर्णाबाईने मात्र लहान बाई मोठ्या बाईपुढे वाकली की जे करायचं तेच केलं. पुढे होऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "सुखी राय माय." जपानणीचा अंबाडा एका कानावर आला.

"आत्या!"

"नातं लावलं का मी? आशीर्वाद देल्ला."

बोलीत आशीर्वादाचं काही ठरलं नव्हतं, त्यामुळे चंदाला ते मान्य करावं लागलं. पण मनकर्णाबाईची खरी कसोटी पुढेच होती. अंबाडा सरळ करताना जपानीण ओठ दाबून हसली, आणि डाव्या गालाला अशी खळी पडली की ती मूल गावच्या मंगलीच्या घराण्याशिवाय जिल्ह्यात कुठे पडत नाही. मनकर्णाबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि जपान सोडलं.

विलायतेत एका मडमेने तिघांना कपबशीतून चहा दिला. नथ्थूने तो बशीत न ओतता प्यायचा म्हणून जीभ भाजून घेतली आणि मोठ्या माणसासारखा "फस्ट क्लास" म्हणाला. अरबस्तानात खरा उंट होता. नथ्थू त्याच्यावर चढला आणि उंट उठताना असा ओरडला की मडमही विलायत सोडून बघायला आली. चंदा पोट धरून हसली. तिचा हात नकळत आत्याच्या खांद्यावर आला, आणि मनकर्णाबाईला वाटलं, सुटलो. हिला परत मिळवलं आपण.

उंट धरणारा दाढीवाला अरब तेवढ्यात पलीकडच्या देशाकडे तोंड करून काहीतरी ओरडला.

"अरबी बोलून राह्यला," चंदा भारावून म्हणाली.

अरबी कसली? अहेरीला नांदलेल्या मनकर्णाबाईला ती तेलुगू चांगली कळली. ऊन फार आहे, पाणी पी, असं तो कोणाला तरी सांगत होता. बोलण्याचा ढंग थेट सिरोंच्याचा. आता सिरोंच्यात तर तिची सख्खी नणंद दिली होती! मनकर्णाबाईने डोळे घट्ट मिटले, सिरोंच्याची गोदावरी आठवली, नणंद आठवली आणि तसाच घोट गिळला. एवढं तप करून एखाद्याला देव भेटला असता.

शेवटचा देश बर्फाचा. सगळीकडे कापूस पसरला होता, चुन्याने पांढरं केलेलं गोल घर होतं, आणि त्यापुढे नखशिखांत लोकरीत गुंडाळलेला एक माणूस भाला घेऊन मासे मारत बसला होता. चैत्रातलं चांद्याचं ऊन. तट्ट्याच्या छपराखाली भट्टी पेटली होती. त्या देशाचा रहिवासी दोन घोंगड्या आत आणि एक बाहेर, टोपीसकट बसला होता. पाहणाऱ्यांचे गळे कोरडे पडत होते, पण बर्फ बघितल्यावर गार वाटतं म्हणून गर्दीही तिथेच होती.

माणसाने भाला उचलला, डुलला आणि कापसात आडवा झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण बायकोला समजावून सांगू लागला की बर्फाच्या देशात मासा दिसला की असंच आडवं होतात. नथ्थूही टाळ्या वाजवत होता. मनकर्णाबाईला मात्र त्याच्या हाताची बोटं दिसली. ती मासा धरायला नव्हती हलत, नुसती थरथरत होती.

ती दोरीपाशी गेली. दोरीपाशी बाबुलाल शेठ स्वतः उभा होता. "अंदर नहीं बाई, अंदर नहीं. पब्लिक बाहर."

"अजी, ऊन लागलं त्याले. पानी आना."

"नाटक है बाई. तुम कौन लगती उसकी?"

प्रश्न सरळ होता आणि मनकर्णाबाईच्या आयुष्यात तिला कधी जड गेला नव्हता. आज तिने मागे वळून पाहिलं. चंदा तिच्याकडेच बघत होती. नागपूरची गाडी, पोरीची पेटी, वसतिगृहाचा दरवाजा, सगळं त्या दोरीच्या अलीकडे होतं. मनकर्णाबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग तिने दोरी वर केली.

"माहा लागते तो!" ती ओरडली. "कोन लागते ते मंग सांगतो!"

आणि गेली आत. आधी टोपी काढली, मग एकेक घोंगडी ओढून काढली. आत तिशीतला, मिशावाला, घामाने निथळणारा माणूस निघाला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन तिने शिदोरीतला कांदा दगडावर फोडला, त्याच्या नाकाशी धरला, तळपायाला चोळला. "पानी!" म्हणून तिने असा आवाज दिला की अरब घागर घेऊन धावत आला. मागून छत्री टाकून जपानीण आली आणि वारा घालायला मडमेने विलायतेचा टेबलक्लॉथ आणला.

माणसाने डोळे उघडले. आपण बर्फात आहोत की घरी, हे त्याला कळेना.

"कोनाचा रे बापू तू?"

"नवरगावचा... मुखरूचा बुधू."

"मुखरूची गिरजा तुही माय? अरे, ते माह्या जाऊची सख्खी बहीन!" मनकर्णाबाईचा बांध फुटला. सकाळपासून अडवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. बुधू भाचा झाला. अरबाला नणदेचं नाव सांगितलं, तर तो तिच्या शेजारच्या घरचा निघाला, म्हणून दीर झाला, आणि दीर म्हटल्यावर त्याच्या खोट्या दाढीची तिथल्या तिथे थट्टाही झाली. जपानणीने आपणहून सांगितलं, "मी मूलची मैना, मंगलीची नात," आणि पाया पडली. या वेळी अंबाडा हातातच आला. दुनियेतले सगळे देश एका घरचे निघाले, आणि पब्लिक उंट सोडून तेच बघायला दाटली. बाबुलाल कपाळाला हात लावून बसला होता. त्याला मनकर्णाबाईने बजावलं, की बर्फाचा देश आजपुरता बंद, आणि माझ्या भाच्याला पुन्हा घोंगडी घातलीस तर बघ. शेठ मुकाट्याने हो म्हणाला. त्यालाही एखादं नातं लागेल या भीतीने असावं.

बुधू उठून बसला, पाणी प्याला, हसला. तेव्हा कुठे मनकर्णाबाईला आपली बोली आठवली. ती दोरीखालून बाहेर आली. नथ्थू मैनाच्या अंबाड्याकडे बघत उभा होता. चंदा जरा लांब, पाठ करून.

"चाल वो," मनकर्णाबाई म्हणाली. "बोली म्हंजे बोली. तू गुरुजीसंगच जाय. मी स्टेशनवर बी नाई येत."

चंदा वळली नाही. खांदे हलत होते. मनकर्णाबाईला वाटलं, इतकी हसते आहे का आपल्याला? ती पुढून गेली, तर पोर रडत होती.

"काऊन? काय झालं?"

"आत्या," चंदा म्हणाली, "तिथी मी अशी पडली त? तिथी मले कोन लागते? मले लय भेव लागून राह्यलं वो, कवापासून. तू चाल. मले सोडून येशीन तवा तिथी कोनी तरी माहं करून ठेव."

मनकर्णाबाईने पदराने तिचं तोंड पुसलं. स्वतःचंही पुसलं.

"त्या वसतिगृहातल्या मोठ्या बाईचं," तिने विचारलं, "माहेर कुठचं हाये, तुले ठाव हाये का?"