बॅग मीच भरली

माझी प्रवासाची बॅग नेहमी माझे यजमान भरायचे. धामापूरच्या अलीकडे आमचा काजूचा लहानसा कारखाना आहे. बी उकडण्यापासून गर निवडण्यापर्यंतचं सगळं ते बघायचे. बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी बोलायचं काम माझं, कारण अनोळखी माणूस समोर आला की यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हणून दिल्लीला, कोलकात्याला विमानाने मी एकटीच जायचे, आणि जायच्या आदल्या दिवशी दुपारी हे माझ्या बॅगेपुढे मांडी घालून बसायचे.

नमुन्याचं प्रत्येक पाकीट माझ्या एकेका कपड्यात गुंडाळायचे. माझ्या साड्यांच्या घड्या मोडायच्या. मी कुरकुरले की म्हणायचे, "साडयेक काय जाता गो? गर तुटलो तर पाकळी होता. गिऱ्हायकाक अख्खो गर दिसाक होयो." मग बॅग ताणकाट्याला लावून वजन बघायचे आणि जास्त भरलं तर माझीच एखादी चप्पल बाहेर काढायचे.

ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. दिल्लीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने आम्हाला बोलावलं, तेव्हा मी हट्टाने दोघांची तिकिटं काढली. ते लाजले. मग कुडाळला जाऊन पांढरा शर्ट घेऊन आले. रोज काहीतरी विचारायचे. विमानात खिडकी उघडता येते का, कान दुखतात का, जेवण देतात का. कारखान्यातल्या बायका हसायच्या. ते म्हणायचे, "हसा, हसा. वरसून तुमच्या घराची कौलां मोजून येतंय."

काजूचा हंगाम भरात होता. एका दुपारी हे खळ्यात वाळत घातलेल्या बिया हलवायला गेले आणि तिथेच कोसळले. गाडी ओरोसच्या वाटेला लागेपर्यंत त्यांचा हात माझ्या हातात होता. इस्पितळ यायच्या आधीच तो जड झाला. मी तो तसाच धरून बसले होते.

दिवसकार्य उरकलं. गोदामात काजू भरलेला होता, बायका सकाळी येऊन दारात उभ्या राहायच्या. दिल्लीच्या व्यापाऱ्याने भेटीची तारीख पुढे ढकलून दिली होती. आणखी ढकला म्हणायला माझी जीभ रेटली नाही. यांचं तिकीट रद्द केलं आणि बॅग पुढ्यात ओढून बसले. मला घडी घालता येईना. पाकीट साडीत ठेवायचे, काढायचे, पुन्हा ठेवायचे.

सासूबाई खोलीत आल्या. हातात तो पांढरा शर्ट होता, कॉलरमधल्या पुठ्ठ्यासकट.

"जातलंस मा?" त्यांनी विचारलं.

"जावक होया, आई."

"माझ्या झिलाचा मन होता विमानात बसूचा. शर्ट तरी न्हेय."

एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि शर्ट छातीशी धरून रडल्या. मुलगा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. मी त्यांना जवळ घेतलं. मग आम्ही दोघींनी मिळून सगळ्यात चांगल्या गराचं पाकीट त्या शर्टात गुंडाळलं.

मोपाच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, "मॅडम, बॅग तुम्ही स्वतःच भरलीत ना?" मी बॅगेच्या चेनवर हात ठेवून उभी राहिले. मागे रांग खोळंबली. तिने हळूच पुन्हा विचारलं. "हो, मीच," मी म्हटलं, आणि तिने पुढे केलेला कागदी रुमाल घेऊन डोळे पुसले.

विमान वर गेलं तेव्हा खाली नारळाची झाडं, खाडी, लाल रस्ते दिसत होते. मी पडदा ओढून घेतला. त्यांनी बघितलं नाही ते मला एकटीने बघवेना.

दिल्लीत व्यापाऱ्याने पाकीट फोडून गर टेबलावर ओतले. निवड चांगली आहे म्हणाला, कोण करतं विचारलं. "माझे यजमान," मी सांगितलं. पुढचं सांगितलं नाही. माल घ्यायचं त्याने तिथेच कबूल केलं.

त्यावर कारखाना चालू राहिला. बायका येतात, निवडीला आता सासूबाई बसतात. मी अजूनही वरचेवर विमानाने जाते. आदल्या दिवशी दुपारी बॅग काढते. ती भरायला मला फार वेळ लागतो, आणि सासूबाई बाहेरून विचारतात, "झाला गो?" मी म्हणते, "होता, आई." आणि तशीच बसून राहते.