आत नऊ, बाहेर चौदा

त्या दोन दिवसांत मी गच्चीचा जिना किती वेळा चढलो-उतरलो, देव जाणे. अवकाळी वादळानं पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीचे विजेचे खांब आडवे केले होते. घरात माझे वडील, आबा, लकव्यानं वर्षभर पडून. त्यांच्या पाठीखाली हवेची गादी, गादीला पंप, आणि पंप चालवायला मी हट्टानं आणलेलं पॉवर स्टेशन, म्हणजे बॅटरीचा मोठा डबा. त्याची वायर खिडकीतून गच्चीवरच्या सोलर पॅनेलला. आणि वर आभाळ, मेलं हलायला तयार नाही!

पंप थांबला की गादी बसणार, गादी बसली की आबांच्या पाठीला पुन्हा जखम होणार. मागची जखम भरायला तीन महिने लागले होते. त्या ड्रेसिंगच्या वेळी आबा जे कण्हायचे, ते मला परत ऐकायचं नव्हतं.

डब्यावर दोन आकडे दिसत. आत येतात नऊ वॅट, बाहेर जातात चौदा. मी पळत वर जायचो, पॅनेल पुसायचो, विटेनं तिरकं करायचो, खाली येऊन आकडा बघायचो. दहा. परत वर. परत नऊ.

"अरे, किती नाचशील? ऊन काय तुझ्या बापाचं आहे?" आई म्हणाली.

तिचीही पंचाईत झालीच होती. बिबड्यांसाठी, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी तिनं वादळाच्या आधीच भिजत घातली होती. आंबलेली ज्वारी काय आभाळ निवळायची वाट बघते?

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा अकरा टक्क्यांवर आला आणि 'आत'चा आकडा एकदम शून्य. धावत वर गेलो, तर पॅनेलवर आबांचं जुनं धोतर अंथरलेलं आणि त्यावर गोल गोल ओले बिबडे, ओळीनं!

"पॅनेल काळं आहे, तापतं चांगलं," तिथंच उभी असलेली आई शांतपणे म्हणाली. "धोतरानं ऊब धरून राहील. बिबडेही वाळतील, तुझं यंत्रही भरेल."

"अगं, त्याला ऊब नाही, उजेड लागतो!" मी ओरडलो. "तुला आबांची पाठ मोठी की बिबडे?"

तिनं पदराला हात पुसले आणि खाली गेली. मी धोतर ओढून काढलं, निम्मे बिबडे फाटले. तणतणत खाली आलो, तर आईनं आबांना कुशीवर वळवलं होतं, पाठीशी गोधडीची गुंडाळी लावली होती आणि खोबरेल चोळत होती. पाठ स्वच्छ होती. कुठं लाल डागसुद्धा नव्हता.

"लाईट गेल्यापासून दर दोन तासांनी वळवतेय," ती म्हणाली. "तू वर असतोस तेव्हा."

माझी मान खाली गेली. दोन दिवस मी आबांच्या उशाशी येत होतो, पण डबा बघायला. त्यांची पाठ एकदाही बघितली नव्हती.

लकव्यापासून आबा एरंडोलकडची गावची बोलीच बोलतात, तीही तुटक. त्यांनी चालता हात पलंगावर थोपटला.

"बठ ना आठे."

मी बसलो. तेवढ्यात खिडकीत लख्ख ऊन पडलं. पाय शिवशिवले, पॅनेल नक्कीच वाकडं राहिलं होतं. आबांनी माझं मनगट धरलं. मी उठलो नाही.