तिच्या ओठांवरचं बोलणं

मी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे असलं काही लिहिताना जरा भीती वाटते... लोक म्हणतील, शिकून काय उपयोग. भूतबाधा, अंगात येणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही आहे असं नाही. जे पाहिलं तेवढंच सांगते.

आम्ही गुजराती मुलखात, लिंबायतला राहतो. मूळचे अमळनेरकडचे. बा तीस वर्षं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर आहे. लूमच्या खात्यात मशीनचा आवाज इतका असतो की तिथे कोणी ओरडत नाही, सगळे एकमेकांचे ओठ वाचतात. लहानपणी बाचा डबा पोचवता पोचवता मीही शिकले. आता तर बाचे कान पूर्ण गेलेत. त्याच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून नुसते ओठ हलवायचे. आमच्या घरात भांडणंसुद्धा आवाज न करता होतात.

मोठी बहीण, मंदाताई, पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या मर्जीने लग्न करून गेली. तेव्हा बाला मोठ्याने बोललेलं ऐकू यायचं. त्याने सांगितलं, या घरात तिचं नाव काढायचं नाही. ताईचा नंबर माझ्याकडे होता. वर्षातून एखादा फोन व्हायचा, पण तिची अट असायची — ‘बाचं काही सांगू नको.’ म्हणून त्याचे कान गेल्याचंही मी सांगितलं नव्हतं. ही चूक माझीच.

कॉलेजमधून मी एका ग्रुपमध्ये जाते. ज्या तरुण मुलामुलींना डोक्यावर छप्पर नाही त्यांना एक-दोन रात्री कुणाच्या तरी घरी झोपायला जागा द्यायची, एवढंच काम. नियम थोडे आहेत. मागचं विचारायचं नाही. बाहेरून कडी लावायची नाही. आणि पाहुणा झोपला असेल तर उठवायचं नाही, कारण बसस्टँडवर झोपणाऱ्याला गाढ झोप मिळतच नाही.

मागच्या वर्षी पहिल्यांदा मी आमच्या घरी एक मुलगी ठेवायची ठरवली. बाने परवानगी दिली, पण म्हणाला, “मी येवाना आगोदर धाडी दे तिले.”

आई कारखान्यातून आणलेल्या साडीच्या पदराला लेस लावता लावता पुटपुटली, “सोतानी पोरले दार बंद, अनी लोकेसनी पोरले अंथरून.”

बाची तिच्याकडे पाठ होती, म्हणून त्याला कळलं नाही.

मुलगी अठरा वर्षांची, ओडिशाची. खरं नाव लिहीत नाही, झुनू म्हणते. साडी पॅकिंगच्या कामाला तिला कोणीतरी आणलं आणि सोडून दिलं. ओडिया आणि मोडकी हिंदी, एवढंच तिला यायचं. वरण-भात खाल्ला, ताट स्वतः घासलं, आणि दाराजवळच्या गादीवर झोपली. त्या गादीवर पूर्वी ताई झोपायची, पण ते मी तिला सांगितलं नाही.

सकाळी साडेसहाला ग्रुप चालवणाऱ्या गुजराती बाईंचा फोन आला. “बेटा, नव वागशे. मोपेड पंक्चर छे.” म्हणजे झुनूला न्यायला त्या नऊला येणार होत्या, आणि बा साडेसातला नाइटवरून येतो. आई तयार साड्यांचं बोचकं घेऊन कारखान्यात गेली होती. झुनू गाढ झोपलेली. नियम म्हणून मी उठवलं नाही.

बा आला. तिला पाहून कपाळाला आठ्या घातल्या, चप्पल काढली आणि मोरीकडे निघाला. मध्येच थांबला.

झुनूचे ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता. मी तीन हातांवर होते, गॅसवर दूध होतं, बाहेर रिक्षांचे हॉर्न... पण तिच्या तोंडातून श्वासाशिवाय काही येत नव्हतं.

आणि मला वाचता आलं, आमच्या घरच्या बोलीत.

“बा, मी दारमा उभी शे.”

मी बाकडे पाहिलं. त्याचेही ओठ हलले. “कोन?”

झुनूचे डोळे मिटलेलेच होते. “आखाजी शे ना. माहेरले उनू.” मग, “कडी वाजाडी वाजाडी हात दुखना. तू उठना नही.”

तेवढ्यात दूध उतू गेलं. मी गॅस बंद करायला वळले... पाचेक सेकंद असतील. पुन्हा पाहिलं तेव्हा तिचे ओठ स्थिर होते आणि बा खाली फरशीवर बसला होता.

मी समोर जाऊन विचारलं, “तिने आणखी काही म्हटलं?”

“काही नही,” म्हणाला. मग, “तुले काय दिसनं ते आधी सांग.”

मी सांगितलं. त्याने प्रत्येक वाक्याला मान हलवली.

मला माहीत आहे, ओठ वाचण्यात अर्धा अंदाज असतो. ती ओडियात काही बडबडली असेल आणि आम्ही दोघांनी त्यात आमचंच दुःख वाचलं असेल. मीही स्वतःला तेच समजावत होते. पण बा म्हणाला, “तिना नंबर तुनाकडे शे, माले मालूम शे. लाव.”

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे लग्न झालेली लेक त्या सणाला माहेरी येतेच. मी फोनवर ताईला एकच प्रश्न विचारला, “तू कधी आखाजीला आली होतीस का?”

तिने उलट मलाच विचारलं.

“तुला कोणी सांगितलं? मी ह्यांनासुद्धा बोलले नाही.”

दोन वर्षांपूर्वी मी आणि आई सणाला गावी गेलो होतो, बा ड्युटीसाठी इथेच थांबला होता. ताई दुपारी आली. खिडकीतून तिला बा दिसला, भिंतीकडे तोंड करून झोपलेला. तिने कडी खूप वाजवली. शेवटी तिला वाटलं, जागा आहे आणि मुद्दाम उठत नाही.

मी म्हटलं, “ताई, त्याला आता काहीच ऐकू येत नाही गं.”

मग मी व्हिडिओ कॉल लावला आणि बाच्या शेजारी बसून मोबाइल त्याच्यासमोर धरला. तीही डबे पोचवूनच वाढलेली... आवाज न काढता बोलू लागली. दोघं खूप वेळ बोलले. शेवटी बाने विचारलेलं मला दिसलं, “अनी ते शेवटनं? ते कसाले म्हननी?”

ताईने मान हलवली. “शेवटचं कोणतं?”

बाने तिला ते वाक्य नुसत्या ओठांनी सांगितलं. सांगताना तो मोबाइलवर वाकला, त्यामुळे मला त्याचे ओठ दिसले नाहीत. स्क्रीनवर ताईचा चेहरा उतरला.

“ते मी नाही म्हटलं, बा.”

झुनू साडेआठला उठली. म्हणाली, “दीदी, बहुत अच्छा नींद हुआ. सपना भी नहीं आया.” नऊला ती गेली. पुढे तिला वसतिगृहात जागा मिळाल्याचं कळलं.

ताई यंदा आखाजीला आली, दोन दिवस राहिली. ते शेवटचं वाक्य ती सांगत नाही. बाला विचारलं तर तो तोंड फिरवतो, आणि आमच्या घरात तोंड फिरवलं की बोलणं संपतं.

एवढं मात्र खरं की ताई येऊन गेल्यावरही बा ड्युटीवरून आला की दार सताड उघडं टाकून झोपतो. शेजारचे काका चेष्टा करतात, “कोनी वाट दखस रे, जावई येवाव्हता का?” बा नुसता हसतो. पूर्वी भिंतीकडे तोंड करायचा, आता दाराकडे करतो. झोपेत कधी कधी त्याचेही ओठ हलतात, कोणाला तरी उत्तर दिल्यासारखे.

मला वाचता येतं. पण मी गॅसकडे वळते.