पिशवीचा बिंदू, एस्टीचा बिंदू

उमरेडच्या मावशी कुणाच्याही अंगाला हात लावण्याआधी विचारायच्या, "झोप लागते का?" खांदा दुखो की कंबर, पहिला प्रश्न हाच. मग जेवण, मग घरातली भांडणं. नागपूरच्या लकडगंजात आम्ही दोघी ज्या शियात्सूच्या वर्गात शिकत होतो, तिथे सर सांगत, या जपानी दाबात दुखऱ्या जागेआधी आख्खा माणूस बघायचा. मी ते वहीत उतरवून घेतलं. मावशींना ते लिहून घ्यायची गरजच पडली नाही.

तीस वर्षं हातमागावर बसलेल्या मावशी, माग बंद पडल्यावर नागपूरला लेकीकडे आल्या होत्या. वर्गाच्याच उपचारकेंद्रात एक जागा होती, पण प्रमाणपत्र मिळालं तरच. "नाही मिळालं तं उमरेडले परत. जावयाच्या घरी किती दिवस राहू वं?" त्या म्हणायच्या.

आम्ही अंगठ्याने जोर लावून थकायचो. मावशी अंगठा टेकवून सगळं अंग हळूहळू झुकवायच्या आणि समोरच्याच्या श्वासाची वाट बघायच्या. "धागा ओढला का तुटते. येऊ द्या त्याले."

घोडं अडलं ते बिंदूंच्या नावांपाशी. जपानी नावं काही केल्या त्यांच्या तोंडात बसेनात. त्यांनी आपलीच ठेवली. पिशवी अडकवून दुखतो तो खांद्यावरचा पिशवीचा, एस्टीच्या धक्क्यांनी दुखतो तो कमरेवरचा एस्टीचा. मला सगळी नावं पाठ, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात त्यांची उजळणी घ्यायचे. "दुखणं काय नाव विचारून येते वं?" म्हणत त्या चहा ठेवायला उठायच्या.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. हातात मोबाइल घेऊनच चटईवर पालथे झाले. मावशी मांडीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"सुरू करा," ते म्हणाले.

"फोन बाजूले ठेवा, साहेब. झोप लागते का?"

आम्ही माना खाली घातल्या. परीक्षक म्हणाले, "नाही हो. कित्येक महिने झाले." आणि त्यांनी फोन ठेवला.

"हा कोणता बिंदू?" मावशींनी खांद्यावर अंगठा टेकताच त्यांनी विचारलं.

"पिशवीचा."

"आणि हा?"

"एस्टीचा."

तिसरा प्रश्न आलाच नाही. साहेब घोरत होते. सरांनी उठवायची खूण केली, तर मावशींनी हातानेच त्यांना थांबवलं, दुसरी बाजूही पूर्ण केली आणि साहेबांवर चादर घातली.

अर्ध्या तासाने ते ओशाळून उठून बसले. "नावं सगळी चुकली," ते म्हणाले, "जागा मात्र एकही नाही." आणि त्यांनी पास लिहिलं. मीही पास झाले, पण माझ्या हाताखाली कुणी झोपलं नव्हतं. माझा सगळा तोरा उतरला आणि तरी इतका आनंद झाला की मी मावशींना कडकडून मिठी मारली.

त्यांनी तिथूनच लेकीला फोन लावला. "जावयाले सांग, मी लकडगंजातच खोली पाहून राहिली."

आज माझ्यापुढे कुणी चटईवर आडवं झालं, की तोंडून आधी तोच प्रश्न निघतो. आणि कमरेवर अंगठा टेकला, की जपानी नाव आठवायच्या आत मनात येतं, एस्टीचा.