चुकलेल्या नगांचं पोतं

"पुढून काय बघायचंय? मागून चल," असं म्हणून ती निघालेलीच असायची. आपण चपला सावरेपर्यंत गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसेनाशी.

साकीनाक्याचे गाळे तुम्ही पाहिले असतील, तर पुढूनच पाहिले असतील. बोर्ड, शटर, एक टेबल, टेबलामागे देवाची तसबीर आणि तिच्याभोवती लुकलुकणारे दिवे. मीही तेवढंच पाहिलं होतं. असल्फ्याच्या टेकडीवर चाळीस वर्षं काढली, खाली उतरून थोडं चाललं की गाळेच गाळे, पण आत काय बनतं ते बघावं असं कधी मनात आलं नाही. गाळ्यांना मागची बाजू असते, हे तिच्यामुळे कळलं. मागे गटार, जिन्याखाली रचलेली पोती, पोत्यांत कापलेल्या पत्र्याच्या पट्ट्या आणि बिघडलेले नग. ती ही पोती विकत घ्यायची आणि मोठ्या भंगारवाल्याला नेऊन घालायची. मधल्या वेळात टेकडीवर घरोघर हाक मारत फिरायची. जालन्याकडची बाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. उंच, काटक, आणि रबरी मोजा एकाच हातात. दुसऱ्याचा हरवला का, म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "दोन्ही हात झाकले तर पोत्यात काय आलंय ते कळनार कसं?"

आता ती माझ्या दाराशी कशी आली, ते आधी सांगते. नाहीतर मी बोलत सुटेन आणि तुमचा गोंधळ उडेल.

आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. समजत मात्र सगळं होतं, आणि त्याचाच जास्त त्रास. डाव्या हाताने जेवायची वेळ आली. आपल्याकडे पोराने डावा हात ताटात घातला की चापट बसते. ह्यांनी आमच्या मुलाला ती मारलेली होती. आता स्वतःचाच डावा हात ताटात. हे भिंतीकडे तोंड करून जेवायला लागले. बरं, डाव्या हाताला सवय नाही, घासाला आडोसा द्यायला दुसरा हात नाही, त्यामुळे भात पुढे पुढे सरकत ताटाच्या पलीकडे जायचा. मी भरवायला गेले की तोंड मिटून घ्यायचे. दोन महिन्यांत गळ्याची हाडं दिसायला लागली.

मग एकदा गॅसवाल्याने सिलिंडर आणला आणि नेमका जमिनीवर पडलेल्या ताटावर टेकवला. जुनं, पातळ ताट. एका बाजूची कड उभी राहून आत वळली. मी त्याला चार शब्द सुनावले आणि ताट तसंच घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी घाईत त्यातच ह्यांना वाढलं. थोड्या वेळाने लक्षात आलं, आज सांडलेला भात चाचपडत गोळा करायचा तो आवाज नाही. वळून बघितलं तर हे घास त्या वाकड्या कडेला ढकलत होते. घास तिथे अडत होता आणि बोटांत येत होता. ताट रिकामं झालं. मी पुन्हा ओट्याकडे वळले. बोलले असते तर पुन्हा उपास.

ह्यांना घाटकोपरला व्यायामाला नेत असे, तिथल्या डॉक्टरबाईंना मी ते ताट नेऊन दाखवलं. त्या म्हणाल्या, बाहेर असली ताटं मिळतात, पण प्लास्टिकची, आणि आपल्या लोकांना त्यात जेवल्यासारखं वाटत नाही. तुम्ही स्टीलची बनवून घ्या, माझ्याकडचेच वीस-पंचवीस जण घेतील. मी पूर्वी दिवाळीला चकल्या करून विकायची, त्यामुळे धंदा म्हटल्यावर घाबरून जाणारी मी नव्हे. म्हटलं, करू या.

पण गाळा मी निवडला तो साडीचं दुकान निवडावं तसा. स्वच्छ, गारेगार, काचेच्या कपाटात चकचकीत डबे. मालकाने चहा पाजला. मी ह्यांचं ताट नमुना म्हणून पुढे ठेवलं आणि सांगितलं, अगदी असंच पाहिजे. तो हो म्हणाला. आठ दिवसांनी पंचवीस ताटं तयार. देखणी, गोल, सगळ्या बाजूंनी सारखी. वर ह्यांचं ताटही कागदात गुंडाळून परत दिलेलं. तेही गोल. मालक कौतुकाने म्हणाला, "आजी, तुमचं सँपल एका बाजूने चेपलं होतं. ठोकून सरळ करून दिलंय."

आता मला सांगा, त्याला काय बोलणार? वाकडं ताट जगात कोणी मुद्दाम मागतं का? मी "असंच" म्हटलं, पण ते वाकडंच हवंय हे काही तोंडाने सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांना ते इतकं सरळ दिसायला लागलं होतं.

घरी आणून मी ते पुन्हा वाकवायला बसले. सिलिंडरवाल्याला बोलावून त्यावर सिलिंडर ठेवायला लावला, तो माझ्याकडे बघतच राहिला. पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकलं, तशी कड चिरली. हे पुन्हा भिंतीकडे वळले. ताटातला अर्धा भात तसाच राहायला लागला. डॉक्टरबाईंनी एकदा ह्यांचं वजन बघितलं आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ह्यांना नळी घालायची म्हणजे हे जेवण कायमचं सोडणार, ते मला माहीत होतं.

त्याच आठवड्यात गल्लीतून तिची हाक आली आणि मी ती पंचवीस ताटं भंगारात काढायला तिला वर बोलावलं.

तिने एक ताट उलटं केलं, उघड्या हाताचा अंगठा कडेवरून फिरवला आणि ताटं कुठल्या गाळ्यात बनली ते मला सांगितलं. काचेच्या कपाटासकट. म्हणाली, "त्यांच्या पोत्यात कधी चूक येत न्हाई ताई. पट्ट्याच पट्ट्या, सगळ्या एकासारख्या एक. रोज करतात तेच करतात. तुझं वाकडं त्यांना बघवलं नसंल." मग विचारलं, कोरी ताटं मोडीत का काढतेस? मी उंबऱ्यात बसून तिला सगळं सांगितलं. तिने वजनाचा काटा पिशवीतून काढलाच नाही. ती ऐकत होती माझं, पण बघत होती आत, ह्यांच्या पाठीकडे.

जाताना म्हणाली, "ही ठेव. उद्या अकराला खाली ये."

दुसऱ्या दिवशी तिने मला मागच्या बाजूने हिंडवलं. पोत्याचं तोंड सोडायची, हात घालायची, एक तुकडा काढून माझ्या हातावर ठेवायची. आमच्या आळीतल्या बायका चेहरा बघून घरात काय झालंय ते ओळखतात ना, तशी ही गाळे ओळखत होती. हा बघ, भोक मधोमध नाही, घाईघाईत काम करतो. इथे नवा कारागीर लागलाय, पत्रा फार वाया जायला लागला. हे पोतं पंधरा दिवसांत भरलंच नाही, ह्याचं काही खरं नाही. मी विचारलं, मालकांना माहीत आहे का तुला एवढं कळतं ते? "त्यांनी कशाला इचारावं? ते पुढं बसतात," म्हणाली.

मला गंमत वाटायला लागली होती. गुडघे दुखत होते तरी मीच म्हणत होते, पुढचं दाखव.

एका जिन्याखाली ती थांबली. तिथल्या पोत्यातून तिने एकामागून एक आठ नग काढून पायरीवर मांडले. दिव्यावर बसवायच्या टोपीसारखी एकच वस्तू, पण आठही वेगळे. एक फाटलेला, एक फताडा, एक लांबट. सगळेच फुकट गेलेले. मी म्हटलं, हे काय गं, इतकं कोण बिघडवतं?

"ह्याच्याकडं जायचं आपन."

"अगं, सगळ्यात जास्त चुकतो त्याच्याकडे?"

"चुकतो ते बघ ना कसं. येक चूक दोनदा न्हाई."

मी पुन्हा ते आठ नग बघितले. खरंच की. फताड्यानंतरचा जरा आवळलेला, त्याच्यानंतरचा अजून. कोणीतरी अंधारात पायरी चाचपत खाली उतरावं, तसे ते नग उतरत होते.

आतला मिस्त्री कुडाळकडचा. गाळा केवढा, तर आपल्या मोरीएवढा. टेबल नाही, चहा नाही. फिरत्या चाकावर पत्र्याची चकती लावून दांड्याने दाबत दाबत तिला आकार द्यायचा, हे त्याचं काम. मी ह्यांचं कड चिरलेलं ताट काढलं आणि भीत भीत सांगायला लागले, तर त्याने ते बाजूला ठेवलं. "ताटाचां मगे बघूया काकी. आधी जेवणारो कोण, तां सांगा." मी सांगितलं. त्याने विचारलं, हात किती उचलतो, भात मऊ की मोकळा, ताट जमिनीवर की टेबलावर. माझ्याच घरातल्या गोष्टी, पण दोन प्रश्नांची उत्तरं मला घरी जाऊन बघून यावी लागली. मग म्हणाला, जेवताना बघायला मिळालं तर बरं.

ते काही जमणार नव्हतं. ह्यांनी मानेनेच नाही म्हटलं. मिस्त्री म्हणाला, मग माझ्या चुका घरी पाठवतो. बिघडलेलं कोणी बाहेर दाखवत नाही हो, पण त्याने पाठवलं. आणि आणायची ती. पोती गोळा करून झाली की टेकडी चढून दारात यायची, पेपरात गुंडाळलेला नग माझ्या हातात द्यायची, आणि दोन दिवसांनी परत न्यायला यायची.

पहिलं ताट ढकललं की सरकत पुढे पळायचं. दुसऱ्याची कड इतकी सरळ की भात तिच्यावर चढून पलीकडे. तिसऱ्याची कड आत जास्तच वळलेली, घास अडायचा, पण बोटं आत जाईनात, आणि घासताना माझा जीव गेला. ती दारातून ओरडून विचारायची, "भाऊ, हे कसं हाय?" हे उत्तर द्यायचे नाहीत. चौथ्या ताटाच्या वेळी मात्र ती विचारण्याआधीच ताट दाराजवळ ठेवलेलं, आणि कडेवर घास निसटायचा नेमक्या त्या जागी माझ्या काजळाच्या कांडीने रेघ. मला न सांगता ह्यांनी ओढलेली. ती रेघ बघून मिस्त्रीने चाक बंद केलं म्हणे, आणि ताट उजेडात नेऊन कितीतरी वेळ बघत बसला. पाचव्यावर दोन रेघा होत्या. पाचवं नेऊन चार दिवस झाले तशी ह्यांनी मला विचारलं, "ती आली?"

ती आता नाही. म्हणजे आहे, असावी, पण इथे नाही. तिची वस्ती रस्ता रुंद करण्यात गेली आणि तिला दूर माहुलला खोली मिळाली, पाचव्या की सातव्या मजल्यावर. तिथून काही महिने येत राहिली, मग दिवसाआड, मग बंद. फोन लागत नाही. मी एकदा माहुलला जाऊन तीन इमारती विचारून आले. भंगारवाली म्हटलं की लोक विचारत, कोणती? मिस्त्रीची पोती आता टेम्पोवाला नेतो. तोंड सोडून आत बघत नाही, म्हणून मिस्त्रीला चुकल्या चुकल्यासारखं होतं. माझी ताटं मात्र तोच बनवतो. डॉक्टरबाईंच्या सगळ्या लोकांना मिळाली, आता डोंबिवलीहूनही मागणी असते.

सहावं ताट आलं ती दुपार सांगते आणि थांबते.

एक वाजला होता. मिस्त्रीने या खेपेला दोन नग दिले होते. म्हणाला होता, एक चुकला तर दुसरा असू दे. मी तिला म्हटलं, जेवूनच जा. एरवी कपडे घाण आहेत म्हणून ती उंबऱ्याच्या आत यायची नाही. त्या दिवशी तिने मोजा काढला, हातपाय धुतले, आणि सरळ आत जाऊन बसली. कुठे, तर हे आणि भिंत यांच्या मधल्या हातभर जागेत, ह्यांच्याकडे तोंड करून. ह्यांना बघायला दुसरं काही उरलंच नाही. मी दोन्ही ताटांत वरणभात वाढला. तिने उजवा हात पाठीमागे नेऊन पदरात गुंडाळला आणि डावा ताटात घातला.

ह्यांना वाटलं चेष्टा करतेय, तर ताट भिरकावतील. हे तिच्या हाताकडे बघत राहिले. तिचा पहिला घास मांडीवर पडला. दुसरा हनुवटीला लागला. तिसऱ्याला बोटं नुसतीच ताटात फिरली.

"भाऊ, मला जमंना. कसं करता?"

ह्यांनी आपलं ताट थोडं तिच्याकडे सरकवलं. "कडेला," म्हणाले. "ढकल. थांब. आता उचल." झटक्यानंतर ह्यांच्या तोंडून एवढे शब्द एका दमात मी ऐकले नव्हते.

तिने ढकललं, थांबली, उचललं. घास तोंडात गेला. मग दोघं जेवत राहिले. मी आणखी भात वाढला, ह्यांनी नको म्हटलं नाही. झालं असं वाटून मी ताटं उचलायला वाकले, तर ती म्हणाली, "थांब ताई. सरत आलेल्या ताटातच खरं कळतं." आणि दोघं माना खाली घालून उरलेली शितं त्या कडेला गोळा करायला लागली.

ह्यांचं ताट आधी साफ झालं. तिच्या ताटात अजून चार घास होते. पाहुणा जेवत असताना घरच्या माणसाने उठायचं नसतं, म्हणून हे हात ताटात तसाच ठेवून तिचं संपायची वाट बघत बसले.