मिक्सर वाजवणारा दिवाकर

दिवाकरच्या छातीत कळ आली आणि तो गेला, असा फोन आला तेव्हा मी लाखनीला माझ्या टेलरिंगच्या दुकानात होतो. हातातला चहाचा ग्लास भिंतीवर आपटला. गिऱ्हाईक घाबरून पायरी उतरलं. महिना होत आला, राग अजून जात नाही... आणि तो त्याच्यावर नाही, माझ्यावर आहे.

दिवाकर दिघोरीत मिक्सर, कुकर दुरुस्त करायचा आणि त्यांतूनच संगीत काढायचा. संगीत कसलं, मारामारीच! भांड्यात खिळे टाकून मिक्सर फिरवायचा, चार कुकरच्या शिट्या एकदम सोडायचा, जुन्या फ्रिजची पाठ झाऱ्यानं बडवायचा.

"बंद कर बे, डोस्कं फुटून राहिलं!" मी ओरडायचो.

"फुटू दे ना. तुह्या पेटीनं कोनाचं फुटलं कधी?"

मी दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, पेटी वाजवतो. हे बोलणं मला फार झोंबायचं.

एका वर्षी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, भरदुपारी, आमची दंडार रंगली होती. हातापाया पडून त्यानं शेवटची दहा मिनिटं मागून घेतली होती. पण लेकाला धीर कुठला! मी पेटीवर नेमका सूर धरला आणि यानं आमच्याच माईकच्या लाइनीवर तीन मिक्सर जोडून चालू केले. फट्! माईक मेला. लोकांनी खुर्च्या फेकल्या, त्याला मांडवातच पाडून तुडवलं. मी त्याला सोडवायला धावलो... निदान सगळ्यांना तसंच सांगितलं. खरं असं, की खाली पडलेलं कुकरचं झाकण मी उचललं आणि त्याच्या कानावर हाणलं. होता नव्हता तो जोर लावून. रक्त पाहिल्यावर मीच त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं.

तो कान गेला. दुसराही हळूहळू बसला. मग चालू मिक्सरला जबडा टेकवून तो ऐकायचा, दात कडकडा वाजायचे, ओठातून रक्त यायचं, तरी सोडायचा नाही.

"कोनं मारलं रे?" लोक खाणाखुणा करून विचारायचे.

"गर्दी होती," एवढंच म्हणायचा.

मी दर आठवड्याला जायचो. आज सांगू म्हणायचो, आणि चहा ढोसून भेकडासारखा परत यायचो.

परवा त्याच्या खोलीत बसून त्याच्या बायकोला, वंदनावहिनीला, सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत हाय, भाऊजी," ती म्हणाली. "त्यायलेबी माहीत होतं. झाकन उचलताना पाह्यलं होतं तुमाले."

"मंग बोलला काहून नाही?" मी जवळजवळ किंचाळलो.

"म्हनत, त्याले सांगशीन तं तो येनं बंद करन."

मी भिंतीवर डोकं आपटायला लागलो. एकदा, दोनदा, आणखी कितीदा कोण जाणे. वहिनीनं मध्ये हात घातला आणि पुढचा तडाखा तिच्या बोटांवर बसला. ती कळवळली, पण हात काढला नाही.

"पुरे, भाऊजी," ती म्हणाली. "आता तरी मारनं सोडा."